गोचिडाचा बंदोबस्त: पहिल्यांदाच गाई पाळणाऱ्यांसाठी

गाईच्या कानामागून एक टम्म फुगलेला गोचीड काढा. एरंडाच्या बीएवढा, करडा-हिरवट. एका रिकाम्या पारदर्शक बाटलीत टाका, तोंडाला पातळ फडकं घट्ट बांधा आणि बाटली गोठ्याबाहेर सावलीत ठेवून द्या. तीन-चार दिवसांत त्या मादीच्या तोंडापाशी खसखशीसारखा चकचकीत तपकिरी पुंजका दिसायला लागेल. तो रोज वाढतो. पंधरवड्यात मादी सुकून चपटी होते आणि मागे उरतात दोन-तीन हजार अंडी. एवढं पाहून झालं की बाटलीत उकळतं पाणी ओता. पिल्लं फुटायची वाट बघू नका, ती फडक्याच्या विणीतून बाहेर पडतात.

आमच्या भागात कुणी नव्यानं गाय घेतली की मी आधी ही बाटली दाखवतो, औषधाचं नाव नंतर सांगतो. कारण माझी स्वतःची सुरुवातीची दोन वर्षं गाईच्या अंगावर फवारे मारण्यात गेली आणि गोठ्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. दर आठ दिवसांनी फवारणी, दर आठ दिवसांनी पुन्हा तेवढेच गोचीड. धारा काढताना हाताला लागलेला गोचीड उपटायचा आणि तिथंच खाली टाकायचा, ही सवय. म्हणजे मादीला अंडी घालायला मीच जागेवर पोचवत होतो. गोचिडाला गाय लागते ती जेवायला. अंडी घालणं, पिल्लं फुटणं, उपाशीपोटी महिनोनमहिने वाट बघणं हे सगळं भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली, गवतात चालतं.

पहिली पायरी: कोणता गोचीड आहे ते बघा

आपल्याकडे गाईंवर मुख्यतः दोन प्रकारचे सापडतात. दोघांचा बंदोबस्त थोडा वेगळा आहे, म्हणून हे ओळखणं कामाचं.

एक बुफिलस. पाय आखूड, अंग निळसर करडं, जागचा फारसा हलत नाही. ज्वारीच्या दाण्याहून बारीक पिल्लू म्हणून गाईवर चढतो आणि फुगून खाली पडेपर्यंत त्याच गाईवर राहतो. हा मुक्काम साधारण तीन आठवड्यांचा. हा आकडा डोक्यात ठेवा, फवारणीचं वेळापत्रक यावरच बसतं.

दुसरा हायलोमा. तपकिरी, लांब पायांचा, पायांवर फिकट पट्टे, आणि पळायला चपळ. तो रक्त पिऊन खाली उतरतो, भेगेत शिरून कात टाकतो आणि पुन्हा जनावर शोधतो. दगडमातीच्या जुन्या गोठ्यात रात्री बॅटरी घेऊन गेलात तर भिंतीवर चालताना दिसतो. थायलेरिया नावाच्या जंतूचा गोचीडताप पसरवणारा हाच.

शोधायचं कुठं? कानाच्या आत आणि मागे, मानेखालच्या पोळीच्या घड्यांत, पुढच्या पायांच्या बगलेत, जांघेत, कासेवर सडांच्या मधे, शेपटीच्या बुडाशी आणि गोंड्यात. पाठीवर हात फिरवून ‘आमच्या गाईला काही नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. शेपूट उचला, मग बोला. कासेवरचा गोचीड बघितला की कीर्तनातला दृष्टांत आठवतो, दुधाच्या इतक्या जवळ राहून रक्तच पिणारा. दृष्टांत जुना असला तरी धार काढताना रोज डोळ्यांसमोर असतो.

मोजा, अंदाज करू नका

गाईच्या एकाच बाजूचे, मुगाच्या दाण्याएवढे आणि त्याहून मोठे गोचीड मोजा. येईल त्या आकड्याची दुप्पट करा आणि वहीत तारखेसह लिहा. बारीक पिल्लं मोजायच्या भानगडीत पडू नका, डोळे दुखतील. सगळ्या गाई मोजायची गरज नाही. गोठ्यात नेहमी एक-दोन जनावरांवरच सगळ्यात जास्त गोचीड असतात, तीच मोजा. माझ्याकडे एक काळीपांढरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय आहे, तिच्या अंगावर काही दिसलं की समजायचं बाकीच्यांचा नंबर लागणार.

संकरित गाईंना, म्हणजे एचएफ आणि जर्सी रक्ताच्या जनावरांना, हा त्रास देशी गाईंपेक्षा बराच जास्त होतो. खिलार, डांगी, देवणी, गीर या जनावरांची कातडी आणि अंगातली ताकद गोचिडाला सहजी टिकू देत नाही. याचा अर्थ देशी गाईला गोचीड लागतच नाही असा नव्हे. शेजारच्या दावणीला देशी गाय बांधून तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तर तीच एचएफला गोचीड पुरवते.

काय बिघडतं

एक पूर्ण भरलेली मादी साधारण अर्धा ते एक मिली रक्त घेऊन जाते. अंगावर अशा 200 माद्या असल्या तर तीन आठवड्यांत 100 ते 200 मिली रक्त गेलं. दुभत्या गाईला ते जाणवतं, वासराला तर फारच. त्यात खाज. गाय खांबाला अंग घासत उभी राहते, चारा अर्धा सोडते, निवांत बसून रवंथ करत नाही. दूध आधी इथं घटतं, आजार पुढं येतो. चावल्याच्या जागी जखम होते, तिथं माशी बसली की अळ्या पडतात. सडावर जखम झाली तर गाय धारेला लाथ मारते आणि आपण तिला खोडील ठरवतो.

खरी भीती आजारांची. गावात सगळ्यांना मिळून ‘गोचीडताप’ म्हणतात, पण ते तीन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी आहेत.

थायलेरियात ताप 104 ते 107 अंशांपर्यंत चढतो (निरोगी गाईचं तापमान साधारण साडेएकशेएक असतं, फॅरनहाइटमध्ये). खांद्याच्या पुढे, मानेच्या बुडाशी हात घालून बघा, तिथली गाठ लिंबाएवढी हाताला लागते. डोळ्यांतून पाणी, नाकातून शेंबूड, धाप, पुढं अशक्तपणा. बेबेसियात लघवी कॉफीच्या रंगाची होते, म्हणून त्याला रक्तमूत्र म्हणतात. ॲनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही, पण रक्त आटतं, कावीळ होते, शेण घट्ट पडतं.

बेबेसियाबद्दल एक गोष्ट सांगायला मला आवडते. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न या दोन अमेरिकन संशोधकांनी 1893 साली दाखवून दिलं की टेक्सासच्या गाईंचा लाल लघवीचा ताप गोचीड पसरवतो. एखादा किडा आजार पोचवतो हे जनावरांच्या बाबतीत पहिल्यांदा असं सिद्ध झालं. डास आणि मलेरियाचा संबंध त्यानंतर काही वर्षांनी कळला. त्यांनी हेही दाखवलं की आजारी गाईचं रक्त प्यालेल्या मादीच्या अंड्यांतून निघालेली पिल्लंही आजार घेऊनच येतात. बाटलीतला तो तपकिरी पुंजका आठवा.

थायलेरियाचं तसं नाही. तिथं गोचीड लहानपणी आजारी जनावराकडून जंतू घेतो आणि कात टाकल्यावर दुसऱ्याला देतो. आणि तो चिकटल्या क्षणी देत नाही, लाळेत जंतू तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून रोज संध्याकाळी वासरांचे कान आणि जांघा बघून गोचीड काढण्याला किंमत आहे. दहा मिनिटांचं काम.

तापमापक घ्या

मी कालवड गमावली ती जुलैत. ‘पावसात भिजली, थंडी वाजली असेल’ म्हणत दोन दिवस काढले. एकानं तापाचं इंजेक्शन देऊन दिलं, ताप उतरल्यासारखा वाटला, तिनं थोडी वैरणही खाल्ली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तिची पापणी उलटून दाखवली. आतली बाजू गुलाबी हवी, ती कागदासारखी पांढरी होती. गाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा चाचपली. थायलेरियावर ब्युपारव्हाक्वोन नावाचं चांगलं औषध आहे, पण ते सुरुवातीला दिलं तर. रक्त आटून गेल्यावर औषध जंतू मारतं, जनावर उठवत नाही.

तेव्हा गोठ्यात एक साधा डिजिटल तापमापक ठेवा. शेपूट बाजूला करून गुदद्वारात, आतल्या भिंतीला टेकेल असा. पावसाळ्यात चारा सोडलेल्या, दूध एकदम उतरलेल्या प्रत्येक जनावराचा ताप आधी मोजायचा. 103 च्या वर असेल आणि गोठ्यात गोचीड असतील, तर त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर फोन. औषध देण्याआधी कानाच्या शिरेतून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायला सांगा. तपासणीत कोणता जंतू ते कळतं आणि अंधारात तीर मारावे लागत नाहीत.

जनावरावर फवारणी

औषध डॉक्टरांना विचारून घ्या, आणि दुकानातून आणलं की नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचा. बाजारात जास्त चालणारी दोन: डेल्टामेथ्रीन 1.25 टक्के आणि अमित्राझ 12.5 टक्के. दोन्हींचं गोचिडासाठी नेहमीचं प्रमाण एक लिटर पाण्याला 2 मिली. तुमच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर बाटलीवरचं धरा, कारण टक्केवारी बदलली की माप बदलतं.

शेतीची औषधं जनावरावर नकोत. ‘एकच झाकण टाकलं, कपाशीला चालतं ते’ असं करून गाय आडवी पाडलेली माणसं मी पाहिली आहेत. तणनाशकाचा पंपही नको, कितीही धुतला तरी. जनावरांसाठी वेगळा छोटा पंप ठेवा आणि त्यावर रंगानं खूण करा. जळकं ऑइल, रॉकेल अंगाला चोळणं बंद. कातडी भाजते आणि गाय ते चाटते.

फवारणीची वेळ सकाळची, धार झाल्यावर, पाऊस नसताना. त्याआधी गाईला पोटभर पाणी आणि वैरण द्या, तहानलेलं जनावर ओलं अंग चाटतं. मुसकं असेल तर बांधा. तुम्ही हातमोजे आणि तोंडाला फडकं घ्या, वारा पाठीमागून राहील असं उभं राहा. केसांच्या उलट दिशेनं, शेपटीकडून डोक्याकडे फवारा मारत या. मोठ्या गाईला तीन ते पाच लिटर द्रावण लागतं; सगळे एका लिटरमध्ये तीन गाई उरकतात आणि मग औषधाला शिव्या घालतात. पोटाखालून थेंब गळायला हवेत. कानात फवारू नका, द्रावणात बुडवून पिळलेल्या फडक्यानं कान आतून पुसा, डोळे सांभाळून. पोळी, बगला, जांघा, शेपटीचा गोंडा हातानं भिजवा. संध्याकाळच्या धारेआधी कास साबणानं स्वच्छ धुवा, आणि दूध किती दिवस वेगळं काढायचं हे लेबलवर लिहिलं असेल तर ते पाळा.

तीन महिन्यांच्या आतली वासरं, आजारी किंवा जखमा असलेली जनावरं आणि शेवटच्या महिन्यांतल्या गाभण गाई यांच्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय फवारू नका. वासराचे गोचीड हातानं काढा. घोडा असेल तर अमित्राझ त्याच्यापासून लांब ठेवा, त्याला ते बाधतं. फवारणीनंतर जनावर लाळ गाळायला, थरथरायला लागलं तर भरपूर पाण्यानं धुऊन ताबडतोब डॉक्टर. उरलेलं द्रावण ओढ्यात किंवा शेततळ्यात ओतू नका, डेल्टामेथ्रीननं मासे मरतात.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात, कारण फवारणीचे कष्ट वाचतात. भाकड गाईला, कालवडीला डॉक्टर देतील. दुभत्या गाईला मात्र नको, ते दुधात उतरतं आणि ते दूध डेअरीतून कुणाच्या तरी लेकराच्या वाटीत जातं.

त्याच दिवशी गोठा

दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी. मी चुकलो ते इथंच.

जनावरं बाहेर काढा. गव्हाणीतला चारा आणि टाकीतलं पाणी काढा. रबर मॅट असतील तर उचला. पहिल्यांदा उचलल्या तेव्हा माझ्या बायकोनं जी किंकाळी मारली ती शेजारपर्यंत गेली, एवढे होते खाली. शेण, कुजकी वैरण सगळं लांब उकिरड्यावर. मग भिंतीच्या भेगा, गव्हाणीचे कोपरे, लाकडी मेढींना दावं घासून पडलेल्या चिरा, दाराच्या चौकटी. औषधाचं गोठ्यासाठीचं प्रमाण लेबलवर वेगळं दिलेलं असतं, बहुतेक वेळा जास्त. त्या मापानं भेगांतून पाणी ओघळेपर्यंत फवारा. भिंत जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत धरा. जनावरं आत घ्यायची ती सगळं सुकल्यावर, गव्हाण धुऊन.

दगडी किंवा सिमेंटच्या गोठ्यात फ्लेम गननं भेगा भाजल्या तर अंडीसुद्धा जातात. पण कडबा, शेडनेट, छपराचा पाचट यांच्याजवळ ही चैन करू नका, आणि पाण्याची बादली हाताशी हवी. कायमचा उपाय म्हणजे भेगा सिमेंटनं बुजवणं आणि वर्षातून दोनदा चुना मारणं. एकदा खर्च होतो. औषधाच्या चार बाटल्यांच्या पैशांत एक पोतं सिमेंट येतं असा माझा हिशोब.

बांधावरचं गुडघाभर गवत गोठ्याच्या भिंतीला टेकू देऊ नका. पिल्लं गवताच्या शेंड्यावर पुढचे पाय पसरून बसतात आणि जनावर घासून गेलं की चढतात.

मुक्त संचार गोठा असेल तर पाच-सहा गावठी कोंबड्या सोडा. गाय बसलेली असताना कोंबडी तिच्या पोळीखालून गोचीड टिपते आणि गाय मान लांबवून खुशाल टिपू देते. फवारणीच्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मात्र कोंबड्या डांबून ठेवा, औषधानं मेलेले गोचीड त्या खातात.

तारखा

पहिली फवारणी, मग पंधराव्या दिवशी दुसरी, दोन्ही वेळा गोठ्यासकट. गाईवर नव्यानं चढलेलं पिल्लू तीन आठवड्यांत भरून खाली पडतं, त्याआधी त्याला गाठायचं म्हणून पंधरा दिवस. त्यानंतर वहीतला आकडा बघून दर तीन आठवड्यांनी, पाऊस सुरू झाल्यापासून दिवाळीपर्यंत. दिसले की मारू असं म्हणाल तर उशीर झालेला असतो. दिसण्याएवढा गोचीड म्हणजे पडायच्या बेतात आलेली मादी. पोळ्याला बैल धुऊन सजवायचे असतात, तेव्हा त्यांची फवारणी आठवडाभर आधी उरका. शिंगांना रंग लावणारी पोरं बैलाला बिलगलेली असतात.

बरोबर मापानं, पूर्ण भिजवून फवारलं आणि दोन दिवसांनीही मोठे गोचीड पाय हलवतायत, तर औषध लागू पडत नाही असं धरा. अशा वेळी माप वाढवू नका. औषध बदला, पण बदल खरा असू द्या: डेल्टामेथ्रीन सोडून सायपरमेथ्रीन आणलं तर नाव बदललं, कुळ तेच राहिलं. दोन्ही पायरेथ्रॉइड. त्याऐवजी अमित्राझकडे जा, किंवा दहा-वीस जिवंत गोचीड बाटलीत घालून डॉक्टरांना दाखवा.

निंबोळी अर्क, करंज तेल, वेखंड, घाणेरीचा पाला यांचे काढे मीही वापरतो, गाभण गाईंवर आणि दोन फवारण्यांच्या मधे. आठवड्याला एकदा मारावे लागतात. अंगावर शेकड्यानं गोचीड असताना नुसत्या काढ्यावर विसंबू नका.

हातानं काढताना

चिमट्यानं कातडीजवळ धरा, सरळ ओढा, साबणाच्या पाण्याच्या बाटलीत टाका. नखावर चिरडू नका. 2011 मध्ये गुजरातेत माणसांना झालेला क्रायमियन काँगो ताप हायलोमा गोचीडच पसरवतो आणि चिरडलेल्या गोचिडाचं रक्तही धोक्याचं असतं. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे 2016 पासून आणि गोव्यात सत्तरीच्या बाजूला माकडताप आहे, तो रानातल्या वेगळ्या गोचिडाचा; तिकडे गुरं रानात चरून आली की ते गोचीड घेऊन येतात. काजूच्या बागेतून आलात तर आधी स्वतःचे पाय तपासा.

नवी गाय आणताना

लोणी, काष्टी, घोडेगाव, बाजार कुठलाही असो, गाय टेम्पोतून उतरली की थेट दावणीला नाही. तीन आठवडे वेगळी बांधा, पहिल्याच दिवशी शेपूट उचलून बघा, डॉक्टरांना विचारून फवारा, रोज ताप मोजा. प्रवासाचा ताण पडला की अंगात दबून असलेला जंतू डोकं वर काढतो. संकरित वासरं दोन महिन्यांच्या पुढं गेली की थायलेरियाच्या लशीची चौकशी करा. ती द्रव नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते, त्यामुळे गावातल्या दुकानात मिळत नाही. चार-पाच जणांची वासरं जमवून डॉक्टरांकडून एकदम मागवली की काम होतं. गाभण जनावराला ती देत नाहीत.

आणि टेम्पोत खाली अंथरलेलं पाचट गोठ्यात आणू नका. रस्त्याच्या कडेलाच जाळा.